ब्रूडरच्या डिस्प्लेवर टेंपरेचर बरोबर दिसतंय, तरी पिल्लं कधी धापा टाकतात तर कधी गार पडतात: काय काय तपासायचं

बल्ब बदलून झाला, थर्मोस्टॅट (ठरवलेल्या टेंपरेचरला हीटर चालू-बंद करणारा) नवा आणला, डबासुद्धा बदलला, तरी तेच. डिस्प्लेवर ३५ दिसतंय आणि पिल्लं चोच उघडून धापा टाकतायत, नाहीतर रात्री सगळं नीट बघून झोपलो आणि पहाटे हात घातला तर पिल्लं गार. घरी ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायचा डबा, बनवणाऱ्या बहुतेकांना हा त्रास कधी ना कधी होतोच, मला सलग दोन सीझन झाला आणि दुसऱ्या सीझनला त्यात एक पिल्लू गेलं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. माझा सगळा अनुभव कॉकटील, बजी आणि लव्हबर्ड या छोट्या पोपटवर्गीय पक्ष्यांच्या हँडफीडच्या, म्हणजे हाताने भरवून वाढवायच्या पिल्लांचा आहे, म्हणजे जी उघडी, आंधळी जन्मतात आणि पहिले काही दिवस जागची हलत पण नाहीत अशी पिल्लं. कोंबडीच्या पिल्लांचं वेगळं असतं, ते पुढे सांगते.

आत्ता या क्षणी पिल्लं डब्यात असतील आणि काहीतरी बिनसलंय असं वाटत असेल तर बाकीचं नंतर वाचा, आधी पिल्लांकडे बघा. गरम होत असेल तर पिल्लं एकमेकांपासून लांब पसरतात, मान लांब करून पडतात, पंख अंगापासून सुटे धरतात, चोच उघडी, श्वास भराभर, आणि कातडी गुलाबीच्या ऐवजी लालसर आणि कोरडी दिसायला लागते. गार पडत असतील तर एकमेकांवर ढीग करून बसतात, रंग फिका होतो, पाय आणि चोच हाताला थंड लागते, खायला मागत नाहीत, आणि मागच्या वेळी भरवलेलं क्रॉपमध्ये, म्हणजे गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीत, तसंच पडून राहतं. गरम झालेलं असेल तर झाकण काढा, हीटर बंद करा, पिल्लं डब्याबाहेर साध्या खोलीच्या हवेत कोरड्या कपड्यावर ठेवा आणि श्वास शांत झाला की परत आत, पण हीटर कशामुळे वाढला ते कळल्याशिवाय नाही. थंड पाण्यात बुडवणं, ओला कपडा गुंडाळणं, जोरात फॅन लावणं यातलं काही करू नका, उघडं पिल्लू पाच मिनिटांत उलट्या टोकाला जातं.

आणि गार पिल्लाला भरवू नका. हे मी अगदी हात जोडून सांगते. पिल्लू मलूल दिसलं की आपला पहिला विचार हाच येतो की भूक लागली असेल, शक्ती नसेल, चार थेंब पोटात गेले की बरं वाटेल. पण अंग गार असताना क्रॉप हलत नाही, अन्न तिथेच बसतं, आंबतं, आणि मग त्यात बुरशी आणि बॅक्टेरिया वाढतात. आधी दोन्ही तळव्यात धरून ऊब द्या, मग गरम केलेल्या डब्यात ठेवा, पोट आणि पाय हाताला उबदार लागले आणि पिल्लू स्वतःहून मान वर करायला लागलं की मग पातळ फीड. फीड ३९ ते ४० डिग्रीचं, थर्मामीटरने मोजून, आणि मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं असेल तर नीट ढवळून, कारण त्यात मधेच गरम गोळे राहतात आणि ४३ च्या वरच्या फीडने क्रॉप आतून भाजतो. तासाभरात पिल्लू ताळ्यावर आलं नाही तर पक्ष्यांच्या डॉक्टरला फोन करा, घरी प्रयोग करत बसू नका.

आता मूळ मुद्दा. माझ्याकडे काय झालं ते सांगते कारण त्यात जवळजवळ सगळं उत्तर आहे. कॉकटीलची तीन पिल्लं होती, मोठं आठ दिवसांचं. प्लॅस्टिकचा झाकणवाला टब, वर बल्ब, बाहेर डिजिटल कंट्रोलर, म्हणजे थर्मोस्टॅटच, ३४ ला सेट केलेला, आणि सेन्सरची वायर झाकण आणि टबाच्या कडेच्या फटीतून आत सोडलेली. रात्री दोनच्या फीडला झाकण उघडलं, भरवलं, झाकण लावलं, झोपले. झाकण उचलताना वायर थोडी वर ओढली गेली आणि लावताना सेन्सर झाकणावर, म्हणजे डब्याच्या बाहेर राहिला. खोली २४ डिग्री. कंट्रोलरला दिसतंय २४, त्याला करायचंय ३४, तो बिचारा बल्ब चालूच ठेवणार. पाचला उठले तेव्हा आतल्या वेगळ्या थर्मामीटरवर ४३ होतं. दोघं वाचले, दुपारपर्यंत मागायला पण लागले. सगळ्यात लहान गेलं. थर्मोस्टॅट उत्तम होता, आजही तोच वापरतेय. वायर आत जायची जागा चुकली होती, बस.

म्हणून बल्बच्या आधी सेन्सर तपासा. वायर झाकणातून कधीच नाही, बाजूच्या भिंतीला वायरच्या मापाचं भोक पाडून आत घ्या, भोकाच्या आतल्या बाजूला वायरला एक गाठ किंवा केबल टाय म्हणजे बाहेरून ओढली तरी निसटणार नाही, आणि आत आणखी एका ठिकाणी बांधा. बांधून झालं की बाहेरून चांगला हिसका देऊन बघा. सेन्सरचं टोक पिल्लाच्या पाठीच्या उंचीला पाहिजे आणि पिल्लं ज्या वाटीत किंवा छोट्या डब्यात बसतात तिच्यापासून दोन-तीन सेंटीमीटरवर. वर झाकणाजवळ लावला तर गरम हवा वर जाते म्हणून तो लवकर बंद करतो आणि खाली पिल्लं गारठतात. अगदी तळाशी हीटिंग पॅडला टेकवला तर तो पॅडचं टेंपरेचर सांगतो, हवेचं नाही. वाटीच्या आत ठेवला तर पिल्लं त्याच्यावर चढून बसतात, त्याला त्यांच्या अंगाची ऊब लागते, तो म्हणतो झालं गरम, बंद करा. हे मी स्वतः बघितलंय, चार पिल्लं सेन्सरला मिठी मारून बसलेली, डिस्प्ले ३६ आणि वाटीच्या बाहेरची हवा ३०. शिवाय वाटीतल्या सेन्सरवर शी बसते, ती सुकून थर होतो आणि सेन्सर उशिरा उशिरा रिअ‍ॅक्ट होतो. त्याला जाळीची छोटी टोपी करा आणि रोज एकदा पुसा.

यातला एक प्रकार पटकन लक्षात येत नाही, तो म्हणजे बल्बचा थेट शेक. उन्हात उभं राहिलं की हवा तीच असली तरी सावलीपेक्षा जास्त तापतं ना, तसंच. सेन्सर बल्बच्या समोर असेल तर तो हवेपेक्षा जास्त दाखवतो, आणि सेन्सर आडोशाला पण पिल्लू बल्बच्या थेट खाली असेल तर डिस्प्ले ३५ म्हणतो आणि पिल्लाची पाठ त्याहून बरीच तापलेली असते. बरोबर डिस्प्ले आणि धापा टाकणारी पिल्लं हे कोडं बहुतेक वेळा इथेच सुटतं. उपाय असा की बल्ब पिल्लांना दिसलाच नाही पाहिजे. डब्यात एका टोकाला पत्र्याचं उभं पार्टिशन टाका, खाली दोन बोटं आणि वर दोन बोटं फट ठेवा, पार्टिशनच्या मागे हीटर, पुढे पिल्लं. गरम हवा वरून पुढे येते, गार झालेली खालून मागे जाते. एवढ्या एका पत्र्याने माझा अर्धा त्रास संपला, आणि पिल्लांच्या डोळ्यावर चोवीस तास उजेड पण येत नाही.

थर्मामीटर खोटं बोलतोय का तेही बघा, स्वस्तातले सेन्सर एक-दोन डिग्री इकडे तिकडे दाखवतात आणि नुकत्याच निघालेल्या पिल्लाला दोन डिग्री म्हणजे खूप झालं. घरात ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर असतोच, तो नेमका आपल्याला पाहिजे त्याच रेंजमध्ये अचूक असतो. मगमध्ये ३७-३८ डिग्रीच्या आसपास कोमट पाणी घ्या, सेन्सरचं टोक आणि तापाच्या थर्मामीटरचं टोक रबराने एकत्र बांधून पाण्यात धरा, ढवळत राहा, दोन्ही आकडे स्थिर झाले की फरक लिहून घ्या. एसटीसी-१००० सारख्या कंट्रोलरमध्ये एफ-४ सेटिंगला तेवढी दुरुस्ती टाकता येते, ज्यात ती सोय नाही त्यावर सरळ चिकटपट्टी लावून लिहा की एक डिग्री जास्त दाखवतो. ओलावा मोजायचा हायग्रोमीटर असेल तर तोही असाच तपासता येतो, बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन चमचाभर पाण्यात चिखलासारखं ओलं करायचं, ते आणि हायग्रोमीटर एका हवाबंद पिशवीत सात-आठ तास ठेवायचं, साध्या खोलीच्या तापमानाला आकडा ७५ टक्के यायला पाहिजे.

आता सेन्सर बरोबर आहे, जागा बरोबर आहे, तरी आकडा ३२ ते ३९ असा झोके घेतोय. यात दोनच गोष्टी बघायच्या. एक, थर्मोस्टॅट किती फरकाने चालू-बंद होतो ते सेटिंग. डब्ल्यू१२०९ नावाचा जो छोटा बोर्ड बरेच जण वापरतात त्यात हा फरक आल्यापासूनच २ डिग्रीला असतो, पी-१ मध्ये जाऊन तो ०.५ करा. ०.१ करू नका, रिले, म्हणजे हीटर चालू-बंद करणारा आतला स्विच, टकटक करत राहतो आणि लवकर मरतो. दुसरं म्हणजे हीटर गरजेपेक्षा मोठा आहे. लोकांना वाटतं जास्त वॅट म्हणजे सेफ, थंडी पडली तर उपयोगी येईल. उलट आहे. माझ्या चाळीस लिटरच्या टबात ६० वॅटचा बल्ब होता, ३५ ला बंद व्हायचा पण बंद झाल्यावर त्याची काच, होल्डर, आजूबाजूचं सगळं तापलेलं असायचं त्यामुळे आकडा चढत चढत ३९ ला जाऊन मग उतरायचा. तो काढून २५ वॅटचे दोन फिलामेंट बल्ब लावले तर ३४.५ ते ३६ मध्ये राहायला लागला. हीटर असा घ्या की तो सतत चालू राहिला तरी डबा पिल्लांना मारण्याइतका तापू शकणार नाही, हे प्रत्यक्ष लावून बघता येतं, रिकामा डबा, थर्मोस्टॅट काढून, तीन तास. ४०-४२ च्या वर जात असेल तर वॅट कमी करा. दोन बल्ब समांतर जोडा म्हणजे एक उडाला तरी दुसरा थोडी ऊब धरतो, एकामागे एक सिरीजमध्ये जोडले तर एक उडाला की दोन्ही गेले.

शिवाय डब्यात एक लिटरची पाण्याने भरलेली, घट्ट बंद केलेली बाटली आडवी ठेवून द्या. पाणी हळू तापतं आणि हळू गार होतं, झोके कमी होतात, झाकण उघडून भरवताना जी ऊब निघून जाते ती लवकर भरून येते, आणि लाइट गेली तर हीच बाटली पहिला अर्धा तास सांभाळते. छोटा १२ व्होल्टचा कॉम्प्युटर फॅन लावलात तरी चालेल, फक्त त्याचा वारा भिंतीवर मारा, उघड्या पिल्लांवर नाही, वाऱ्याने ती सुकतात.

इथून पुढचा भाग जरा लक्ष देऊन वाचा. माझं मत असं झालंय की ब्रूडर बनवताना एकच प्रश्न सारखा विचारायचा, हा पार्ट बिघडला तर डबा गार होईल की तापेल. गार झाला तर आपल्याला वेळ मिळतो, पिल्लं मलूल होतात, एकमेकांना बिलगतात, पण वेळेत लक्षात आलं तर बहुतेक वेळा परत येतात. तापला तर मिळत नाही. त्यामुळे प्रत्येक बिघाड गारव्याच्या बाजूला पडेल अशी रचना करा. रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटतात, ही कल्पना नाही, फिलामेंट बल्ब थंड असताना चालू होतो तेव्हा पहिल्या क्षणाला नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो आणि दिवसात शेकडो वेळा चालू-बंद झालं की एखाद्या दिवशी कॉन्टॅक्ट वितळून जुळून बसतो. डिस्प्ले म्हणतो बंद, बल्ब चालू. यावर उपाय दुसरा थर्मोस्टॅट. हीटरची वायर पहिल्यातून निघून दुसऱ्यातून जाऊन मग हीटरला, पहिला ३५ ला असेल तर दुसरा ३७ ला. रोजचं काम पहिला करतो, दुसरा नुसता पहारा देतो. त्याचा सेन्सर वेगळ्या भोकातून, वेगळा बांधलेला. वायर तुटली तर बरेच कंट्रोलर एरर दाखवून हीटर बंद करतात पण सेन्सर डब्याबाहेर पडलाय हे त्यांना कळायला काही मार्गच नाही, म्हणून दोन. माझ्याकडे त्या रात्री दुसरा असता तर ३७ ला सगळं थांबलं असतं.

त्याशिवाय हीटरच्या अगदी जवळ एक थर्मल कटआउट, म्हणजे फार तापलं की वीज तोडणारा छोटा पार्ट, लावा, हा पिल्लांसाठी नाही, आगीसाठी. आणि वायरिंगचं काम येत नसेल तर येणाऱ्याकडून करून घ्या. होल्डर चिनीमातीचा, प्लॅस्टिकचा नको, तो सतत तापून ठिसूळ होतो आणि बल्ब खाली पडतो. बल्बभोवती जाळी. सगळे जॉइंट डब्याच्या बाहेर. वायर प्लगपर्यंत जाताना खाली एक झोल खाऊन वर जाऊ द्या म्हणजे वाफेचं पाणी वायरवरून ओघळून प्लगमध्ये जाणार नाही. अर्थ लीकेज झाल्यावर ट्रिप होणारा स्विच असलेल्या सॉकेटवरच लावा.

उष्णता कशाची घ्यायची यावर थोडक्यात. एलईडी बल्ब लावून ऊब येत नाही म्हणून हैराण झालेले बरेच जण आहेत, तो ऊब द्यायला बनवलेलाच नाही, काढून टाका. सिरॅमिक हीट एमिटर, म्हणजे बल्बच्या होल्डरमध्ये बसणारा चिनीमातीचा हीटर, चांगला, उजेड नाही, खूप टिकतो, पण त्याचा पृष्ठभाग भयंकर तापतो आणि चालू आहे की बंद ते दिसत नाही, त्यामुळे चिनीमातीचा होल्डर आणि जाळी नसेल तर नकोच. अंग शेकायचे जे घरगुती हीटिंग पॅड असतात त्यातले बरेच एक-दोन तासांनी आपोआप बंद होतात, पहाटे पिल्लं गार सापडायचं हे एक अगदी नेहमीचं कारण आहे, तुमच्या पॅडला ऑटो ऑफ आहे का ते आज तपासा. पॅड वापरायचाच असेल तर डब्याच्या बाहेरून खाली, मधे हवेची थोडी जागा सोडून, आणि अर्ध्याच तळाखाली, कारण हलता न येणाऱ्या पिल्लाचं पोट खालच्या गरमीने भाजतं आणि वरून काही दिसत नाही. मत्स्यटाकीचा हीटर पाण्याच्या बरणीत टाकून वर पिल्लांचा डबा ठेवायची पद्धत खूप सौम्य आहे, ओलावा पण आपोआप मिळतो, पण त्या हीटरचं सेटिंग साधारण ३४ च्या आसपास संपतं आणि वरची हवा पाण्यापेक्षा दोन-चार डिग्री कमीच राहते, म्हणजे पिसं फुटायला लागलेल्या पिल्लांना ठीक, कालच्या पिल्लाला कमी पडतं. त्यात पाण्याची पातळी रोज बघावी लागते, हीटर उघडा पडला की काच तडकते. आणि मेणबत्ती, कंदील, कोळसा, गॅस, हे लाइट नसली तरी नाही. बंद खोलीतला धूर आणि कार्बन मोनॉक्साइड माणसाच्या आधी पक्ष्याला मारतो.

एक गोष्ट अजून, काही हीट लॅम्पवर फुटू नये म्हणून टेफ्लॉनचं, म्हणजे पीटीएफईचं कोटिंग असतं. ते तापलं की जो वायू निघतो त्याला आपल्याला वाससुद्धा येत नाही आणि पक्षी मिनिटांत मरतात, मोठे पक्षीसुद्धा. पॅकवर शॅटरप्रूफ, कोटेड असं काही लिहिलं असेल तर तो लॅम्प पक्ष्यांच्या घरात आणूच नका. नवा रंग, ताजं सिलिकॉन, फेव्हिकॉलसारखे गोंद हेही डबा गरम झाला की वास सोडतात, त्यामुळे डबा बनवल्यावर उघडा ठेवून गरम करून वास पूर्ण जाईपर्यंत थांबा. थर्माकोलचा बॉक्स ऊब छान धरतो पण बल्बजवळ वितळतो आणि पेट घेतो, बाहेरून पॅकिंग म्हणून चालेल, बल्बच्या सोबत आत नाही.

किती टेंपरेचर ठेवायचं. माझ्या पिल्लांना पहिले चार-पाच दिवस ३५ ते ३६.५, नंतर पिसांच्या काड्या, म्हणजे अजून न उघडलेली कोवळी पिसं, दिसेपर्यंत ३३ ते ३५, काड्या फुटायला लागल्या की ३२ आणि तिथून हळूहळू २९, अंगभर पिसं आली की २४ ते २७. एकटं पिल्लू असेल तर एखाद डिग्री जास्त लागते कारण बिलगायला कोणी नाही, पाच असतील तर कमी. पण आकड्यापेक्षा पिल्लू खरं. शांत झोपलेली, एकमेकांना टेकलेली पण चढलेली नाहीत, कातडी गुलाबी, आणि दिवसातून एकदा तरी क्रॉप पूर्ण रिकामा होतोय, असं असेल तर तुमचा आकडा काहीही असो, तोच ठेवा. कोंबडीच्या पिल्लांचं वेगळं म्हणाले ते असं की ती पहिल्या दिवसापासून धावतात, म्हणून त्यांना डब्याचा एक कोपरा गरम आणि दुसरा थंड लागतो, पहिल्या आठवड्यात गरम बाजूला ३२ ते ३५ आणि मग दर आठवड्याला साधारण ३ डिग्री कमी, ती स्वतः जागा निवडतात. पोपटवर्गीय उघड्या पिल्लाला निवडता येत नाही, ते जिथे ठेवलं तिथेच राहतं, म्हणून त्याच्या वाटीभोवती सगळीकडे एकसारखी ऊब पाहिजे. कोंबडीच्या ब्रूडरचं डिझाइन जसंच्या तसं कॉकटीलला वापरलं की फसतं ते यामुळेच.

ओलाव्याकडे दुर्लक्ष होतं. टेंपरेचर बरोबर असून कातडी कोरडी, सुरकुतलेली, क्रॉपमधलं फीड घट्ट होतंय, तर हवा कोरडी आहे. लहान पिल्लांना ५० ते ६० टक्के तरी पाहिजे. पाण्याचं पसरट भांडं ठेवा, वर जाळी बांधून, कारण लोळत गेलेलं पिल्लू बोटभर पाण्यात पण बुडतं. खोल ग्लासने फायदा नाही, पाण्याचा पृष्ठभाग मोठा पाहिजे. काचेवर थेंब जमायला लागले तर जास्त झालं, भोकं वाढवा. भोकं खाली पण आणि वर पण पाहिजेत, ऊब जाते म्हणून भोकं बुजवू नका, आतली हवा कोंदट होते आणि शीचा अमोनिया साठतो. ऊब जात असेल तर डब्याला बाहेरून घोंगडी गुंडाळा, हीटरची बाजू आणि भोकं सोडून. डबा खिडकीजवळ असेल तर तोही हलवा, दुपारी काचेतून ऊन आलं की थर्मोस्टॅट हीटर बंद करू शकतो, ऊन बंद करू शकत नाही.

तळाला गुळगुळीत कागद नको, पाय फाकतात आणि तसेच वाढतात. न सरकणारं जाळीदार मॅट आणि वर टिश्यू. टॉवेलच्या फासात नखं अडकतात, भुसा पिल्लं गिळतात.

लाइट जाण्याची तयारी आधीच करून ठेवा. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ८४ वॅट-अवर, लेड-अ‍ॅसिड असेल तर त्यातलं निम्मंच वापरायचं, ४२. १२ व्होल्टवर चालणारा २० वॅटचा हीटर निम्मा वेळ चालू राहिला तर सरासरी १० वॅट, म्हणजे चार तास. ते नसेल तर ४० डिग्रीच्या आसपासच्या पाण्याच्या बाटल्या कपड्यात गुंडाळून वाटीच्या दोन्ही बाजूंना, पिल्लांना न टेकवता, आणि तासा-तासाला बदलायच्या.

नवा डबा असो की दुरुस्त केलेला, पिल्लं घालायच्या आधी पूर्ण चोवीस तास रिकामा चालवा, जमलं तर अठ्ठेचाळीस. किमान-कमाल लक्षात ठेवणारा स्वस्त थर्मामीटर वाटीत ठेवा, कारण खोली सगळ्यात गार पहाटे होते आणि त्या वेळी आपण बघत नसतो. मग मुद्दाम बिघाड करून बघा. झाकण दहा मिनिटं उघडं ठेवा आणि परत यायला किती वेळ लागतो ते लिहा. प्लग काढा आणि ३५ वरून ३० ला यायला किती मिनिटं लागतात ते लिहा, लाइट गेल्यावर हातात किती वेळ आहे ते यावरून कळतं. पहिल्या थर्मोस्टॅटचा सेन्सर बाहेर काढून ठेवा आणि दुसरा खरंच ३७ ला बंद करतो का ते बसून बघा. हे करताना मला दोनदा काहीतरी चुकीचं सापडलंय, एकदा दुसऱ्या थर्मोस्टॅटच्या वायरी उलट जोडल्या होत्या आणि तो असूनही नसल्यासारखाच होता.

आणि ब्रूडरमधून बाहेर काढायची घाई करू नका. पिसं आली की दोन दिवसाला एक डिग्री कमी करत जा, प्रत्येक वेळी सकाळी पहिल्या फीडला क्रॉप रिकामा आहे ना ते बघून, नसेल तर एक डिग्री परत वर. खोलीच्या टेंपरेचरला आलं की दिवसा झाकण काढा, रात्री लावा. मी शेवटचे तीन-चार दिवस हीटर प्लगला लावून पण सेटिंग २४ वर ठेवते, बहुतेक रात्री तो चालू होतच नाही, पण एखादी पहाट गार निघाली तर होतो.